दोन गोळ्या सारख्या आहेत हे आकड्यांत कसं दाखवायचं: बीई स्टडीचं संख्याशास्त्र, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकलेल्याला टी-टेस्ट येते. कोल्हापुरातल्या फार्मसी कॉलेजात एम.फार्म. करणाऱ्याला सी-मॅक्स (रक्तातलं औषधाचं सर्वोच्च प्रमाण) आणि एयूसी (त्या प्रमाणाच्या वक्राखालचं क्षेत्र, म्हणजे एकूण किती औषध रक्तात पोचलं याचं माप) ठाऊक असतं. बायोइक्विव्हॅलन्सच्या, म्हणजे बोलीत बीईच्या, कामात नवी गोळी मूळ गोळीसारखंच औषध रक्तात पोचवते हे दाखवायचं असतं. तिथं या दोघांची गाठ पडते आणि पहिली चूक बहुतेक वेळा तिथंच होते: नवी गोळी आणि मूळ गोळी यांच्या सरासरींना टी-टेस्ट लावायची, पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त आली की ‘फरक नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं.

हे काम आता फक्त मोठ्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. ३ एप्रिल २०१७ च्या नियमदुरुस्तीपासून बीसीएसच्या (विरघळणं आणि शोषण यांवरून केलेल्या औषधांच्या वर्गवारीच्या) दुसऱ्या आणि चौथ्या वर्गातल्या, म्हणजे पाण्यात कमी विरघळणाऱ्या, औषधांच्या तोंडावाटे घ्यायच्या गोळ्या-कॅप्सूलचा परवाना मागताना बीई स्टडीचा निकाल जोडावा लागतो. त्यामुळे छोट्या उत्पादकाकडे नोकरीला लागलेल्या नव्या मुलाच्या टेबलावरही हा अहवाल येतो, आणि तो वाचता यावा लागतो.

आधी प्रश्न उलटा करा

टी-टेस्टमध्ये आपण ‘दोन्ही सारखे’ असं गृहीत धरून सुरुवात करतो आणि पुरावा मिळाला तरच ते मोडतो. पुरावा कमी पडला म्हणजे सारखेपणा सिद्ध झाला असं नाही. खासबागेत पाच मिनिटांची कुस्ती बरोबरीत सुटली, तर दोन्ही पैलवान तुल्यबळ आहेत असं कोणी जाणकार म्हणत नाही. वेळच पुरला नाही म्हणतो. बीईमध्ये माणसं कमी घेतली आणि मोजमाप ढिसाळ केलं की टी-टेस्टला फरक दिसतच नाही. म्हणजे काम जितकं वाईट, तितका निकाल सोयीचा. ही पद्धत चालू देणं शक्यच नव्हतं.

म्हणून सुरुवात ‘दोन्ही वेगळे आहेत’ असं धरून करायची आणि ते मोडायची जबाबदारी आपल्यावर घ्यायची. संख्याशास्त्रज्ञ शुइरमन यांनी १९८७ साली मांडलेल्या दोन एकतर्फी चाचण्यांच्या पद्धतीचं, म्हणजे टॉस्टचं, मर्म हेच आहे. नवी गोळी म्हणजे टेस्ट, मूळ गोळी म्हणजे रेफरन्स. पहिल्या चाचणीत दाखवायचं की टेस्ट-रेफरन्सचं गुणोत्तर ८० टक्क्यांपेक्षा कमी नाही. दुसरीत दाखवायचं की ते १२५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. दोन्ही चाचण्या प्रत्येकी ५ टक्के पातळीवर. हे दोन्ही एकदम साधणं आणि गुणोत्तराचा ९० टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं गुणोत्तर ज्या दोन टोकांच्या मधे असावं असा अंदाज) ८०.०० ते १२५.०० च्या आत पूर्ण बसणं, ही गणिताने एकच गोष्ट आहे. ‘९५ ऐवजी ९० टक्के का, सैल केलं का?’ असं नवखे हमखास विचारतात. सैल काही केलेलं नाही. दोन्ही टोकांना ५-५ टक्के सोडले की मधे ९० उरतात, आणि चुकीची गोळी पास होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या वर जात नाही.

ही अट सी-मॅक्सलाही लागते आणि एयूसीलाही. दोन्ही पास व्हायलाच हवेत, म्हणून ५ टक्के पातळी आणखी विभागायची गरज पडत नाही.

रचना

नेहमीची रचना म्हणजे दोन टप्पे, दोन क्रम असलेला क्रॉसओव्हर. अर्ध्या स्वयंसेवकांना आधी टेस्ट मग रेफरन्स, उरलेल्यांना उलट. कोण कुठल्या क्रमात जाणार हे यादृच्छिक आकड्यांवरून आधीच ठरवून ठेवायचं. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, त्यामुळे माणसामाणसातला फरक, म्हणजे कुणाचं यकृत जलद चालतं आणि कुणाचं संथ, हिशेबातून निघून जातो. उरतो तो एकाच माणसातला, एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंतचा चढउतार. पुढं सगळीकडे सीव्ही (कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे टक्क्यांत मोजलेला चढउतार) म्हणून येईल तो हाच. जुन्या शोधनिबंधातून सीव्ही उचलताना लोक घसरतात ते इथंच: तक्त्यात सरासरीशेजारी छापलेला सीव्ही माणसामाणसांमधला असतो, आणि तो आपल्याला नको असतो.

दोन टप्प्यांमध्ये वॉशआउट, म्हणजे आधीचं औषध शरीरातून निघून जाण्यासाठीचं अंतर, किमान पाच हाफ-लाइफचा (औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ म्हणजे एक हाफ-लाइफ). पाच हाफ-लाइफनंतर शरीरात औषधाचा बत्तिसावा भाग, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास उरतो. हाफ-लाइफ १२ तासांचा असेल तर ६० तास झाले. प्रत्यक्षात सोयीसाठी आठवड्याचं अंतर ठेवतात. दुसऱ्या टप्प्यात डोस देण्याआधीच्या नमुन्यात औषध सापडलं आणि ते त्या माणसाच्या त्या टप्प्यातल्या सी-मॅक्सच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त असलं, तर त्याला हिशेबातून वगळतात. हा नियम प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे स्टडीच्या लेखी आराखड्यात, आधी लिहिलेला हवा.

उपाशीपोटीच्या स्टडीत रात्रभर किमान १० तास उपास, गोळी साधारण २४० मिली पाण्याबरोबर, आणि पुढचे ४ तास अन्न नाही. जेवणानंतरच्या स्टडीत ८०० ते १००० कॅलरीचा, भरपूर चरबीचा नाश्ता ठरलेला असतो. दोन्ही टप्प्यांत तो तोच आणि तेवढाच हवा. पहिल्या वेळी कटाच्या मिसळीवर आलेला माणूस दुसऱ्या वेळी पोह्यांवर आला, तर फरक गोळीचा की नाश्त्याचा हे कुठल्याही मॉडेलला सांगता येणार नाही.

तारखा ठरवताना कॅलेंडर बघा. कोल्हापूर परिसरातले स्वयंसेवक असतील तर दुसरा टप्पा जोतिबाच्या चैत्र यात्रेवर किंवा नवरात्रावर येऊ देऊ नका. माणसं येत नाहीत किंवा उपासाचं खाऊन येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला होता, तेव्हा पावसाळ्यात बाहेरगावच्या केंद्रावर दोनदा जावं लागणारी स्टडी म्हणजे गळतीला आमंत्रण. एका टप्प्याला हजर आणि दुसऱ्याला गैरहजर असा माणूस नेहमीच्या क्रॉसओव्हर विश्लेषणात काहीच माहिती देत नाही. त्याचं रक्त घेतलं, तपासलं, पैसे दिले, सगळं वाया.

नमुन्यांच्या वेळा ठरवताना अपेक्षित टी-मॅक्सच्या (सी-मॅक्स ज्या वेळी येतो त्या वेळेच्या) आजूबाजूला दाट, मग विरळ, आणि शेवटच्या उताराच्या भागात किमान तीन-चार बिंदू. पहिलाच नमुना सर्वोच्च निघाला तर खरा सी-मॅक्स त्याआधी होऊन गेला असण्याची शक्यता असते. जलद शोषल्या जाणाऱ्या औषधात ही चूक फार महाग पडते.

किती माणसं

याला चार गोष्टी लागतात: सीव्ही, खरं गुणोत्तर किती असेल याचा अंदाज, पॉवर (गोळी खरंच सारखी असेल तर स्टडी पास होण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी. गुणोत्तर ०.९५ आणि पॉवर किमान ८० टक्के धरली तर दोन टप्प्यांच्या क्रॉसओव्हरसाठी एकूण माणसं अशी लागतात:

सीव्ही १५ टक्के: १२
सीव्ही २० टक्के: २०
सीव्ही २५ टक्के: २८
सीव्ही ३० टक्के: ४०
सीव्ही ३५ टक्के: ५२

गुणोत्तर १.०० धरून आकडा कमी करून घ्यायचा मोह होतो. तो टाळा. टेस्ट आणि रेफरन्सच्या बॅचमध्ये औषधाचं प्रमाणच काही टक्क्यांनी वेगळं असू शकतं. उलट गुणोत्तर ०.९० असेल तर २५ टक्के सीव्हीला माणसं दुपटीच्या आसपास जातात. सीमेच्या जवळ गेलं की खर्च असा झपाट्याने वाढतो, त्यामुळे फॉर्म्युलेशनवर आणखी महिनाभर काम करणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

आकडा सी-मॅक्सच्या सीव्हीवरून काढायचा, एयूसीच्या नाही. सी-मॅक्स हा एकाच नमुन्याचा आकडा, त्यामुळे तो जास्त हलतो. मग गळतीची भर. ४० माणसं शेवटी हवीत आणि १५ टक्के गळती अपेक्षित आहे, तर ४० ला ०.८५ ने भागायचं: ४७.०६, म्हणजे दोन्ही क्रमांत समान वाटण्यासाठी ४८. चाळीसचे १५ टक्के मिळवून ४६ काढले तर गळतीनंतर ३९ उरतात. औषध कितीही स्थिर असलं तरी क्रॉसओव्हरमध्ये विश्लेषणाला १२ पेक्षा कमी माणसं चालत नाहीत. औषध-नियमांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, म्हणजे आयसीएचच्या, २०२४ च्या एम-१३ए मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे.

ही सगळी गणितं आर भाषेतल्या पॉवरटॉस्ट या मोफत पॅकेजमध्ये क्षणात होतात. पण आकडे आत टाकण्याआधी सीव्ही कुठून आणला ते कागदावर लिहा. बारा माणसांच्या एका पायलट स्टडीतला सीव्ही हा स्वतःच डळमळीत अंदाज असतो.

रक्तातल्या आकड्यांपासून एयूसीपर्यंत

सी-मॅक्स आणि टी-मॅक्स थेट आकड्यांतून वाचायचे, वक्र बसवून नाही. एयूसी समलंब चौकोनांच्या बेरजेने. दुसऱ्या तासाला ४० आणि तिसऱ्या तासाला ६० नॅनोग्रॅम प्रति मिली असेल तर त्या पट्टीचं क्षेत्र ५०. चढत्या भागात ही साधी सरळ पद्धत ठीक. उतरत्या भागात औषध घातांकाने घटतं, म्हणून सरळ रेषेने क्षेत्र फुगतं: आठव्या तासाला ८० आणि बाराव्या तासाला २० असेल तर सरळ पद्धतीने २००, लॉग पद्धतीने सुमारे १७३. दोन्हीपैकी कोणती वापरणार हे प्रोटोकॉलमध्ये ठरवा आणि दोन्ही गोळ्यांना तीच लावा. नमुना ठरल्यापेक्षा उशिरा घेतला असेल तर हिशेबात प्रत्यक्ष वेळ घ्यायची, वेळापत्रकातली नाही.

शेवटच्या मोजता आलेल्या नमुन्यापर्यंतचं एयूसी हे अनंतापर्यंतच्या एयूसीच्या किमान ८० टक्के हवं. नसेल तर नमुने लवकर थांबवले. हाफ-लाइफ फार लांब असलेल्या, लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांना मात्र ७२ तासांवर कापलेलं एयूसी चालतं.

लॉग का घ्यायचा

एयूसी म्हणजे शोषलेला डोस भागिले क्लिअरन्स (शरीर औषध काढून टाकतं तो वेग). मामला गुणाकार-भागाकाराचा आहे. लॉग घेतला की तो बेरीज-वजाबाकीचा होतो आणि गुणोत्तर हे साधी वजाबाकी बनतं. ८० आणि १२५ ही जोडीही तिथूनच आली: ०.८० चा व्यस्त १.२५, आणि नैसर्गिक लॉगमध्ये दोन्ही सीमा शून्यापासून सारख्याच अंतरावर, उणे ०.२२३१ आणि अधिक ०.२२३१. लॉग घ्यायचा की नाही हे आकड्यांचा आलेख पाहून ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. टी-मॅक्सला लॉग लावत नाहीत. त्याचा मध्यक आणि पल्ला द्यायचा.

एक्सेलमध्ये नैसर्गिक लॉगचंच फंक्शन घ्या. साधं लॉग फंक्शन पाया १० धरतं. गुणोत्तर त्यानेही बरोबर येईल, पण सीव्हीचं सूत्र साफ चुकेल.

एकदा हाताने करून बघा

सॉफ्टवेअरचं बटण दाबण्याआधी एक्सेलवर हे एकदा जरूर करा. प्रत्येक माणसासाठी पहिल्या टप्प्याचा लॉग वजा दुसऱ्या टप्प्याचा लॉग. टेस्ट-आधी गटाची या फरकांची सरासरी काढा, रेफरन्स-आधी गटाची काढा, पहिलीतून दुसरी वजा करा आणि निम्मं करा. तोच टेस्ट-रेफरन्सचा फरक. टप्प्याचा परिणाम आपोआप कटला. दोन्ही गटांतल्या फरकांचं एकत्रित व्हेरिअन्स काढून निम्मं केलं की एमएसई (मीन स्क्वेअर एरर, म्हणजे एकाच माणसातल्या चढउताराचं व्हेरिअन्स) मिळतो. स्टँडर्ड एरर म्हणजे एमएसईच्या निम्म्याला दोन्ही गटसंख्यांच्या व्यस्तांच्या बेरजेने गुणून घेतलेलं वर्गमूळ.

आता आकडे. हे उदाहरण रचलेलं आहे. २४ माणसं, प्रत्येक क्रमात १२. एयूसीचं गुणोत्तर ०.९४ आलं, त्याचा लॉग उणे ०.०६१९. एमएसई ०.०३९२. सीव्ही काढायला एमएसईचा घातांक घ्या, १ वजा करा, वर्गमूळ काढा: २० टक्के. स्टँडर्ड एरर ०.०५७२. स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम) २४ वजा २, म्हणजे २२. त्याला टीचा आकडा १.७१७. दोघांचा गुणाकार ०.०९८१. मग टोकं उणे ०.१६०० आणि अधिक ०.०३६२, अँटिलॉग घेतला की ८५.२१ ते १०३.६९ टक्के. पास.

त्याच स्टडीत सी-मॅक्सचं गुणोत्तर ०.९२, एमएसई ०.११५६, म्हणजे सीव्ही ३५ टक्के. स्टँडर्ड एरर ०.०९८१, टोकं ७७.७३ आणि १०८.८९. खालचं टोक ८० च्या खाली गेलं, स्टडी नापास. याच आकड्यांवर टी-टेस्ट लावली तर टी येतो ०.८५, म्हणजे ‘फरक सिद्ध होत नाही’. सुरुवातीला म्हटलेला सापळा हाच. २४ हा आकडा एयूसीच्या २० टक्के सीव्हीवरून काढला की असं होतं. ३५ टक्के सीव्हीला ५२ माणसं हवी होती, आणि तीही गुणोत्तर ०.९५ असेल या आशेवर.

उलटंही घडतं. सीव्ही अगदी कमी असेल तर गुणोत्तर ९४ टक्के असतानाही टी-टेस्टला फरक ठळक दिसतो, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जाते, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र सीमांच्या आत आरामात बसतो. अशा वेळी गोळी पास. अनोव्हाच्या, म्हणजे एकूण चढउतार मॉडेलमधल्या घटकांत वाटून दाखवणाऱ्या, तक्त्यातली ‘ट्रीटमेंट’च्या ओळीतली पी-व्हॅल्यू पाहून घाबरायचं कारण नाही.

एक्सेलचं दोन बाजूंचं टी-इनव्हर्स फंक्शन वापरत असाल तर त्याला ०.१० द्या. ०.०५ दिलं तर २.०७४ मिळतो, इंटरव्हल ९५ टक्क्यांचा होतो आणि चांगली गोळीही नापास होते.

सॉफ्टवेअर

मॉडेलमध्ये चार घटक: क्रम, क्रमाच्या आतला माणूस, टप्पा, गोळी. २४ माणसांच्या पूर्ण स्टडीत स्वातंत्र्यमात्रा अशा पडतात: क्रम १, माणूस २२, टप्पा १, गोळी १, उरलेली २२, एकूण ४७. ही बेरीज आधी तपासा. आर मध्ये माणसाचा क्रमांक ‘फॅक्टर’ न करता आकडा म्हणून गेला, तर मॉडेल त्याला एकच स्वातंत्र्यमात्रा देतं, उरलेली फुगते आणि निकाल वरवर ठीक दिसतो. पहिल्या प्रयत्नात होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात फसवी. हाताने केलेल्या गणिताशी चौथ्या दशांशापर्यंत जुळलं नाही तर पुढं जाऊ नका.

एका क्रमात ११ आणि दुसऱ्यात १३ उरले असतील तर साधी भूमितीय सरासरी आणि मॉडेलमधली लीस्ट-स्क्वेअर सरासरी वेगवेगळ्या येतात. अहवालात मॉडेलमधली द्यायची.

‘क्रम’च्या ओळीत पी-व्हॅल्यू कमी दिसली की जुनी पुस्तकं पहिल्याच टप्प्याचं वेगळं विश्लेषण करायला सांगतात. ही १९६५ मधली ग्रिझल यांची दोन पायऱ्यांची पद्धत. १९८९ मध्ये फ्रीमन यांनी दाखवलं की तिच्यामुळे चुकीचा निष्कर्ष काढण्याची शक्यता ठरवलेल्या पातळीच्या वर जाते. ती वापरू नका. कॅरी-ओव्हरवर, म्हणजे पहिल्या टप्प्यातल्या औषधाचा परिणाम दुसऱ्यात उतरण्यावर, उपाय पुरेसा वॉशआउट हाच, आणि तपास डोसआधीच्या नमुन्यांचा.

सीमा बदलतात ते दोन प्रसंग

काही औषधांचा सीव्हीच ३० टक्क्यांच्या वर असतो. तिथं रेफरन्स एकाच माणसाला दोनदा देणारी रेप्लिकेट रचना करतात, रेफरन्सचा स्वतःचा चढउतार मोजतात आणि त्या प्रमाणात सीमा रुंद करतात. युरोपीय पद्धतीत सी-मॅक्ससाठी ही रुंदी जास्तीत जास्त ६९.८४ ते १४३.१९, सीव्ही ५० टक्क्यांना पोचला की थांबते, आणि गुणोत्तर स्वतः ८० ते १२५ च्या आतच लागतं. अमेरिकी एफडीएची पद्धत वेगळी आहे, तिचं सूत्र यात मिसळू नका. साध्या दोन टप्प्यांच्या स्टडीत सीव्ही जास्त निघाला म्हणून नंतर सीमा रुंद करता येत नाहीत.

दुसरा प्रसंग उलटा: वॉरफरिन, टॅक्रोलिमस अशी औषधं, ज्यांत डोस थोडा चुकला तरी धोका. तिथं युरोपात सीमा ९०.०० ते १११.११ पर्यंत आवळतात.

कुठं बिघडतं

८०.०० म्हणजे दोन दशांशांपर्यंत. ७९.९९ नापास, ‘जवळजवळ ८०’ असं काही नसतं.

एखाद्या माणसाचा आकडा विचित्र आला म्हणून संख्याशास्त्रीय चाचणी लावून त्याला काढता येत नाही. लगेच विरघळणारी गोळी घेतल्यावर टी-मॅक्सच्या मध्यकाच्या दुप्पट वेळेच्या आत उलटी झाली, तर ते वैद्यकीय कारण. तेही आधी लिहिलेलं हवं आणि प्रयोगशाळेचे आकडे येण्यापूर्वी नोंदलेलं हवं. मोजमापाच्या मर्यादेखालचे आकडे शून्य धरायचे की वगळायचे, हाही निर्णय आकडे बघून घ्यायचा नाही.

स्टडी संपल्यावर ‘मिळालेली पॉवर’ काढून अहवालात टाकायची सवय अजून दिसते. तिला काहीच अर्थ नाही. इंटरव्हल आत बसला तर पॉवर कमी होती म्हणून पास झालेली स्टडी नापास होत नाही, आणि बाहेर गेला तर पॉवरचा आकडा तिला वाचवत नाही.

नापास निकालाचे दोन प्रकार ओळखायला शिका. वरच्या उदाहरणातल्या सी-मॅक्सचा इंटरव्हल ८० ची रेघ ओलांडून दोन्हीकडे पसरलेला आहे: पुरावा अपुरा, जास्त माणसं घेऊन नवी स्टडी करण्यात अर्थ असू शकतो. पण इंटरव्हल ६५ ते ७६ असा पूर्णच बाहेर पडला, तर माणसं वाढवून तोच निकाल आणखी ठामपणे मिळेल. तिथून पुढचं काम विरघळण्याच्या चाचणीचं, म्हणजे फॉर्म्युलेशनवाल्यांचं. आणि आधीच्या स्टडीत नंतर दहा-बारा माणसं घालून आकडे एकत्र करायचे असतील, तर ती सोय प्रोटोकॉलमध्ये ५ टक्के पातळी त्या हिशेबाने कमी करून पहिल्या डोसआधीच लिहिलेली असली पाहिजे. निकाल पाहून घातलेली भर तपासणीत टिकत नाही.